कुरणातील शाळा, शिवारातील गणित

सकाळची न्याहारी आटोपली की गावातील गुरे माळाच्या वाटेला लागतात. त्यांच्यामागे काठी खांद्यावर टाकून चाललेले दहा-बारा वर्षांचे मूल आजही अनेक गावी पाहावयास मिळते. २३ शेळ्यांचा कळप सायंकाळी परत फिरला आणि त्यात एक कमी असली, तर ती गोष्ट मोजण्यापूर्वीच त्याच्या ध्यानात येते. कोणती शेळी मागे राहिली, तिचे करडू कोणते, ती कोणत्या ओघळीत अडकली असेल, हेही ते सांगू शकते. हेच मूल शाळेच्या फळ्यासमोर उभे राहिले आणि ४२ मधून १७ वजा करावयाचे झाले, की हातच्यापाशी अडखळते. गुरुजी त्याला मंद समजतात, वडील 'याच्या नशिबी विद्या नाही' असे म्हणून मोकळे होतात, आणि काही महिन्यांत ते मूल कायमचे गुरांमागे जाते. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला असला, तरी पटावर नाव असणे आणि शिकणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे प्रत्येक ग्रामकार्यकर्त्यास ठाऊक आहे.

वस्तुतः या मुलाच्या ठायी बुद्धीची उणीव नसते. उणीव असते ती माळावरचे ज्ञान आणि पाटीवरचे ज्ञान यांमधील वाटेची. ही वाट बांधण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात पूर्वीच होऊन गेला असून तो शेतीच्या शेजारीच झाला, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे आहे.

कोसबाडची टेकडी

ताराबाई मोडक व गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. बालशिक्षण शहरातील सुखवस्तू घरांपुरते राहू नये, ते खेड्यात व आदिवासी पाड्यांवर जावे, या हेतूने ताराबाईंनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी या कार्यात आल्या. १९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो.

पाड्यावरील वारली मुले शाळेत येत नसत. घरी धाकटे भावंड सांभाळावयाचे, लाकूडफाटा आणावयाचा, गुरे राखावयाची, ही कामे त्यांच्यावर असत. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असा सरळ विचार या दोघींनी केला. लहानग्यांसाठी पाड्याच्या अंगणातच बालवाडी भरू लागली, तिला अंगणवाडी हे नाव पडले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी गुरे चरत असतील त्या कुरणावर शिक्षक जाऊ लागले, ती कुरणशाळा. खडे, बिया, पाने, शिंपले, माती ही तेथील साधने. महागडी साधने आणण्यास पैसा नव्हता हे खरे. परंतु पैसा असता तरीही चिंचोक्याहून चांगले गणिताचे साधन मिळाले असते काय, हा प्रश्नच आहे. चिंचोका मुलाच्या ओळखीचा असतो, तो हरवला तर कोणी रागावत नाही, आणि दहा-दहांचे ढीग करू लागले की दशकाचा अर्थ हाताला कळतो. ४२ चिंचोक्यांचे चार ढीग व सुटे दोन मांडून त्यातून १७ उचलावयास सांगितले, म्हणजे एक ढीग मोडल्यावाचून गत्यंतर नाही हे मूल स्वतःच पाहते. हातचा म्हणजे तो मोडलेला ढीग.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना पुढे पद्मश्री हा सन्मान मिळाला. अंगणवाडी हा शब्द पुढे साऱ्या देशाने उचलला. कुरणशाळा हा शब्द मात्र मागे पडला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतील ज्ञान बाहेरच्या जीवनाशी जोडावे असे सांगितले, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शिकण्याची सोय सुचविली. तेव्हा त्या दहा दिवसांत करावयाचे काय, याचा विचार शिक्षकाबरोबर शेतकऱ्याने व ग्रामकार्यकर्त्यानेही करावयास हवा, कारण साधने त्यांच्याच शिवारात आहेत.

पावसाची वही

प्रारंभ मृगापासून करणे सर्वांत सोयीचे. ७ जूनच्या आसपास मृग नक्षत्र लागते आणि त्याच सुमारास शाळाही उघडावयास येतात. 'काल चांगला पाऊस झाला' असे गावात जो तो म्हणतो. पण चांगला म्हणजे किती, हे कोणी सांगत नाही. मुलांनी ते मोजावे.

त्यासाठी सपाट तळाचे व सरळ बाजूंचे एखादे काचेचे किंवा पत्र्याचे भांडे पुरे. ते झाडापासून व भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी, कलंडणार नाही असे ठेवावे व दररोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची उंची मिलिमीटरच्या पट्टीने मोजून वहीत लिहावी. हवामान खात्याची मोजणीही याच वेळची असते. कीटकनाशकाची रिकामी बाटली किंवा डबा या कामी कदापि घेऊ नये. धुतल्यानेही तो निर्धोक होत नाही, आणि मुलांच्या हाती तर तो पडताच कामा नये.

येथे एक गंमत करून पाहण्यासारखी आहे. एक रुंद तोंडाचा डबा व एक अरुंद डबा, दोन्ही सरळ बाजूंचे, शेजारी शेजारी ठेवावे व 'कोणत्यात पाण्याची उंची अधिक भरेल?' असे मुलांस आदल्या दिवशी विचारावे. बहुतेक मुले, आणि पुष्कळसे मोठेही, रुंद डब्याचे नाव घेतात. दुसऱ्या दिवशी पट्टी लावली की दोन्हींत उंची सारखीच निघते. रुंद डब्यात पाणी अधिक आले खरे, परंतु ते पसरावयास जागाही तितकीच अधिक. याच्या शेजारी बुडाशी रुंद व गळ्याशी अरुंद अशी घागर ठेवली तर तिचे उत्तर चुकते, ते का, हे मुलांनीच शोधावे. क्षेत्रफळ व घनफळ यांतील भेद पुस्तकातील चार पानांनी जितका कळत नाही तितका तो या तीन भांड्यांनी कळतो.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हे एकदा मनात ठसले की वहीतील आकडे बोलू लागतात. शाळेचे छप्पर ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद असेल तर ते ४८ चौरस मीटर झाले. त्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर ९६० लिटर पाणी पन्हाळीतून वाहून गेले. एका एकरात ४,०४७ चौरस मीटर असतात. २५ मिलिमीटरचा एक पाऊस म्हणजे एकरी एक लाख लिटरांहून अधिक पाणी. त्यापैकी किती जमिनीत मुरले व किती बांध फोडून नाल्यास गेले, हा प्रश्न मग मुलाच्या वहीतून उठून वडिलांच्या ताटापर्यंत पोहोचतो. मृदसंधारणावर व्याख्यान देऊन जे साधत नाही ते अशा वेळी साधण्याचा संभव असतो.

गावात प्रत्येक नक्षत्राचे वाहन पाहिले जाते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस भरपूर, कोल्हा असेल तर ओढ, असा समज आहे. याविषयी वडीलधाऱ्यांशी वाद घालण्याचे कारण नाही. वहीच्या एका रकान्यात नक्षत्र, दुसऱ्यात वाहन व तिसऱ्यात प्रत्यक्ष पाऊस लिहीत जावा. तीन-चार वर्षांची वही एकत्र ठेवली म्हणजे समज कितपत खरा, ते ती वहीच सांगेल. वैज्ञानिक दृष्टी म्हणतात ती याहून वेगळी नव्हे. ज्या दिवशी अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो त्या दिवसास हवामान खाते पावसाचा दिवस मानते. अशा दिवसांपुढे खूण करीत गेल्यास पाऊस एकूण किती पडला आणि तो किती दिवसांत विभागून पडला, या दोन निराळ्या गोष्टी आहेत हेही मुलांस उमगते. कोरडवाहू पिकाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची असते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

तेहतीस फुटांची दोरी

आपल्याकडील जमीनमोजणीत ३३ फूट लांबीची साखळी चालत आली असून तिचे १६ भाग, म्हणजे आणे, असतात. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, हाच एक गुंठा. आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. सुंभाची किंवा नायलॉनची ३३ फुटांची दोरी घेऊन तिला अर्ध्याचे अर्धे करीत १६ गाठी घालण्यास मुलांना सांगितले, तर अर्धा, पाव, अष्टमांश व षोडशांश हे अपूर्णांक त्यांच्या हातूनच तयार होतात.

काटकोन कसा आखावा ही अडचण येते. त्यासाठी दुसरी एक दोरी घेऊन तिचे सारखे १२ भाग पाडावे, दोन्ही टोके जोडावी, आणि तीन मुलांनी तीन ठिकाणी अशी ताणून धरावी की बाजू ३, ४ व ५ भागांच्या होतील. ३ व ४ या बाजूंमधील कोन काटकोनच असतो. फळबागेची चौरस आखणी करताना शेतकरी हीच युक्ती वापरतात. शाळेत पायथागोरसचा सिद्धांत पाठ करणाऱ्या मुलास, आपले वडील आंब्याचे खड्डे आखताना तोच सिद्धांत वापरतात, हे समजले म्हणजे सिद्धांताविषयी आणि वडिलांविषयी, दोहोंविषयी त्याचा आदर वाढतो.

शेत क्वचितच नीट चौकोनी असते. वेडावाकडा तुकडा त्रिकोणांत तोडावा, प्रत्येक त्रिकोणाचा पाया व त्यावरील लंब मोजावा, गुणाकाराच्या निम्मे घ्यावे. पाया ६६ फूट व लंब ३३ फूट असेल तर तो त्रिकोण बरोबर एक गुंठ्याचा होय. सर्व त्रिकोणांची बेरीज करून ती सातबाऱ्याशी ताडून पाहावी. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरांहून किंचित अधिक. म्हणून ८० आर क्षेत्र सुमारे ७९ गुंठे, अर्थात १ एकर ३९ गुंठे भरते. घरचा सातबारा वाचू शकणारे मूल घरात असणे ही लहान गोष्ट नव्हे. कागद न वाचता अंगठा किंवा सही करून किती जमिनी हातच्या गेल्या, याचा हिशेब प्रत्येक गावापाशी आहे. मात्र मुलांच्या मोजणीत व उताऱ्यात फरक आला म्हणून कोणी बांधावर भांडणास उभे राहू नये. दोरी ताणण्यात व उतार मोजण्यात चूक होतेच. ती किती होते, तेच खरे शिकण्यासारखे असते. तीन वेगवेगळ्या गटांनी एकच तुकडा मोजला तर तीन उत्तरे येतील, त्यांची सरासरी का काढावयाची हे तेव्हा कळेल.

उंचीचेही असेच. झाडावर न चढता झाडाची उंची काढावयाची असेल तर एक मीटरची काठी उन्हात सरळ उभी करावी. तिची सावली ८० सेंटिमीटर पडली आणि त्याच वेळी बांधावरच्या बाभळीची सावली ९ मीटर ६० सेंटिमीटर भरली, तर बाभूळ १२ मीटर उंच. हे त्रैराशिक. चाळीसगावजवळच्या पाटण येथे ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त वाऱ्याने मोडलेला वेळू, कमळांवरचे भुंगे, मोर आणि साप अशीच उदाहरणे घातली आहेत. आपल्याकडे गणित मुळात उघड्यावरच शिकवले जात होते; ते भिंतींच्या आत पुढे गेले असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

गोणपाटावरील शंभर दाणे

सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी त्याची उगवणशक्ती पाहावी, असे कृषी विस्तार कार्यकर्ते दर वर्षी सांगतात. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते, मळणीत किंवा पोती आपटण्यात ते दुखावते, आणि वरून धड दिसणारा दाणा मातीत कुजतो. तरीही ही चाचणी सर्व घरांत होत नाही. हे काम मुलांकडे द्यावे.

पोत्यातून निवड न करता १०० दाणे घ्यावे. येथेच पहिला धडा आहे, कारण मूल स्वभावतः टपोरे दाणे निवडते आणि तसे केले की उत्तर खोटे ठरते. ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या दहा ओळी मांडाव्या, दुसरे ओले गोणपाट वर घालून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवून ओल टिकवावी. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले मोड आलेले दाणे मोजावे. ७० असतील तर उगवण ७० टक्के. टक्केवारी म्हणजे काय हे सांगण्यास निराळा तास लागत नाही. ७० टक्के उगवणीस एकरी ३० किलो बियाणे लागते असे धरले, आणि उगवण ६० टक्केच निघाली, तर किती बियाणे लागेल? ३० ला ७० ने गुणून ६० ने भागावे, म्हणजे ३५ किलो. उगवण घटते तसे बियाणे वाढते, हे व्यस्त प्रमाण. या उदाहरणात उत्तर चुकले तर गुण जात नाहीत, पेरणी जाते. म्हणून घरातील वडील माणसाने व कार्यकर्त्याने ते पुन्हा तपासून पाहावे. आणि मुलाचे उत्तर बरोबर निघाल्यास तितकेच बियाणे पेरावे, म्हणजे आपल्या हिशेबावर घर चालले ही गोष्ट ते जन्मभर विसरणार नाही.

त्याच सुमारास काचेच्या पेल्यात कडेला ओली माती भरून काचेलगत एक दाणा सोयाबीनचा, एक हरभऱ्याचा व एक ज्वारीचा लावावा. सोयाबीन आपल्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन मातीबाहेर येते. हरभरा डाळी मातीतच ठेवून केवळ कोंब वर धाडतो. ज्वारीचा कोंब एकाच पानाचा, सुईसारखा निघतो. सोयाबीनला एवढे ओझे उचलावयाचे असते, म्हणूनच ते तीन-चार सेंटिमीटरहून खोल पेरू नये आणि पेरणीनंतर पावसाने पापडी धरली तर उगवण मार खाते. पेला पाहिलेल्या मुलास हे कारण तोंडपाठ करावे लागत नाही.

रोपे महिना-सव्वा महिन्याची झाली की सोयाबीनचे किंवा भुईमुगाचे एक झाड मुळासकट अलगद उपटून धुवावे. मुळांवर बारीक गाठी दिसतील. नखाने गाठ फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला तर गाठीतील जिवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देत आहेत असे समजावे. आत पांढरी किंवा हिरवट असेल तर ते काम चाललेले नाही. हवेतून खत निर्माण करणारा हा कारखाना हिवऱ्याच्या किंवा बोरीच्या काट्यानेही उघडून पाहता येतो, त्यास सूक्ष्मदर्शकाची गरज नाही.

रब्बीत ज्वारीच्या शेतात एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी काठ्यांची चौकट नेऊन ठेवावी. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर व दोन ताटांत १५ सेंटिमीटर अंतर असेल, तर चौकटीत सुमारे १५ ताटे असावयास पाहिजेत, म्हणजे एकरी साठ हजारांच्या घरात. पाच ठिकाणी मोजून सरासरी ९ निघाली, तर एकरी सुमारे ३६ हजारच ताटे उभी आहेत. उत्पन्न कमी का आले याचे एक उत्तर कणसे पडण्यापूर्वीच मिळाले. कापसाच्या भागात गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावलेले असतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळले तर उपाय योजण्याची वेळ आली, असा संकेत आहे. सापळ्यातील पतंग मोठ्यांनी मोजून सांगावे व मुलांनी त्यांचा आलेख शाळेच्या भिंतीवर काढावा. रेषा वर चढू लागली की सारा गाव ती पाहील. परंतु फवारणी केलेल्या शेतात मुलांनी पाऊल टाकता कामा नये.

माळावरही पाहण्यासारखे पुष्कळ असते. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबत असतात; ती बहुधा झाडाच्या पूर्वेकडच्या बाजूस आढळतात. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्याचा मारा चुकावा हे त्याचे कारण मानले जाते. घरटे विणतो तो नर, हे सुगरण या स्त्रीलिंगी नावामुळे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सूर्यफुलाच्या थाळीत दाण्यांच्या वळणदार ओळी एका बाजूने मोजल्या व मग दुसऱ्या बाजूने मोजल्या, तर बहुधा ३४ व ५५ भरतात, लहान थाळीत २१ व ३४. १३ व २१ मिळून ३४, आणि २१ व ३४ मिळून ५५. ही संख्यामाला आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात छंदांच्या विचारात सांगितली होती. ती फुलात कशी आली याचे उत्तर लांबचे आहे. तूर्त मोजणे पुरे.

आक्षेप व दक्षता

पालकांचा एक आक्षेप ठरलेला असतो. 'मुलास शाळेत धाडतो ते शेतातून सुटका व्हावी म्हणून. पुन्हा शेतातच काय शिकवता?' हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पिढ्यान्पिढ्या मातीत राबलेल्या माणसाची ती मनापासूनची इच्छा असते. त्याला इतकेच दाखवावे, की ज्या वहीत पावसाचे आकडे आहेत तीच वही घेऊन मूल उद्या टक्केवारी, आलेख व प्रमाण यांची परीक्षा देणार आहे. दुसरी बाजूही सांभाळावयास हवी. अभ्यासाच्या नावाखाली मुलांकडून खुरपणी, वेचणी करवून घेण्याचा मोह होतो. चौकटीत ताटे मोजणे हा अभ्यास होय, दिवसभर तण काढणे ही मजुरी होय; यांतील सीमा पुसट होऊ देऊ नये.

बाहेर जाताना कठडा नसलेल्या विहिरीजवळ व भरलेल्या शेततळ्याजवळ मुलांना नेऊ नये. गवतात काठी आपटीत चालावे, दगडाखाली किंवा बिळात हात घालू नये. कण्हेर व धोतरा विषारी आहेत, त्यांची फळेफुले तोंडात जाऊ देऊ नयेत. गाजरगवताने अंगास खाज व पुरळ उठते. ढग गडगडू लागले की झाडाखाली न थांबता पक्क्या घराचा आसरा घ्यावा. मुलांची संख्या निघताना व परतताना मोजावी. हे काम त्या शेळ्या राखणाऱ्या मुलाकडेच द्यावे, ते चुकणार नाही.

स्थलांतर करणाऱ्या मुलांची अडचण मात्र मोठी आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीस जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुले बरोबर गेली की वही अर्धवट राहते. अशा वेळी गावात राहिलेल्या मुलांनी पावसाची वही पुढे चालवावी आणि जाणाऱ्याच्या पिशवीत एक मीटर लांबीची सुतळी घालून द्यावी. तिच्या मापाची काठी कोठेही मिळते. ती सपाट जागी ओळंब्यात उभी करून दुपारी बारा ते एकच्या दरम्यान दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खड्याने खुणावे व सर्वांत आखूड सावली मोजून तारखेसह लिहावी. आखूड सावली जिकडे पडते ती उत्तर दिशा. घड्याळात बारा वाजता सावली सर्वांत आखूड का नसते, असे मूल विचारील. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग तिच्या बराच पश्चिमेस, म्हणून येथे सूर्य माथ्यावर येण्यास उशीर होतो.

मे महिन्यात एक दिवस असा येतो, की दुपारी साडेबाराच्या आसपास ही काठी सावलीच टाकीत नाही. सूर्य नेमका डोक्यावर असतो. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने प्रत्येक गावी हे वर्षातून दोनदा घडते. दुसरी खेप जुलै-ऑगस्टमध्ये पडते, परंतु ती बहुधा ढगांत जाते. दक्षिणेकडील गावी तो मेच्या आरंभी येतो व उत्तरेकडे सरकत जातो.

२२ डिसेंबरला बीडमध्ये राहिलेली मुले एक मीटरच्या काठीची सर्वांत आखूड सावली मोजतील तर ती सुमारे ९१ सेंटिमीटर भरेल. त्याच दिवशी कोल्हापूरकडच्या फडावर, कोपीसमोर काठी रोवून बसलेल्या त्यांच्या सोबत्याच्या वहीत सुमारे ८४ सेंटिमीटर येतील. वेळेतही सहा मिनिटांचा फरक पडतो, पण तो काठीने पकडणे कठीण. सावलीतील सात सेंटिमीटर मात्र सुतळीवर बोटाने दाखवता येतात. पाडव्याच्या सुमारास कुटुंबे परतली, की दोन्ही वह्या वर्गात शेजारी शेजारी उघडाव्या आणि पृथ्वी सपाट असती तर दोन्हीकडे सावली सारखी पडली असती की नाही, एवढेच मुलांना विचारावे.